करडईची बोंडे आतून सडतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरचे एक तरुण शेतकरी देपालपूरकडच्या अडीच एकरांत यंदा करडई करत आहेत, घरच्या घाण्याच्या तेलासाठी. जानेवारीच्या शेवटी काही कळ्यांचे शेंडे तपकिरी पडले. दाबले की घाण वासाचे पाणी येते आणि आत पांढऱ्या अळ्या दिसतात. पिकावर पंखांवर ठिपके असलेली छोटी राखाडी माशी बसते. दुकानदाराने ‘फळमाशी आहे’ म्हणून आंब्याच्या बागेत लावतात तो सापळा दिला. दहा दिवस झाले, त्यात एकही माशी आली नाही. फवारणी अजून केलेली नाही. ही माशी कोणती, सापळा का चालला नाही, आणि उरलेल्या बियांचे तेल खायला चालेल का, हे त्यांना हवे आहे.

दादा, फवारणी केली नाहीत हे फार बरे केलेत. तुमच्या वर्णनावरून ही करडईची बोंडमाशी आहे, शास्त्रीय नाव अकॅन्थिओफिलस हेलिअँथी. दुकानदाराने फळमाशी म्हटले तेही चूक नाही. आंब्याची माशी, गिलकी-दोडक्याची माशी आणि ही, तिन्ही टेफ्रिटिडी या एकाच कुळातल्या. (पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे वेगळी. त्यांचे कुळच निराळे आहे, त्यांना यात धरू नका.) पण कूळ एक असले तरी या माश्यांचे राहणे वेगवेगळे आहे. सापळा का फसला आणि आता काय करायचे, ही दोन्ही उत्तरे या राहण्यातच आहेत, म्हणून आधी तिचा जन्म सांगते. तो एकदा डोळ्यांसमोर आला की पुढचे उपाय तुमचे तुम्हालाही सुचतील.

आंब्याची माशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात वाढतात, आणि पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते. कोष मातीत होतो. म्हणून बागेत झाडाखालची जमीन उकरा, पडलेली फळे उचला असे सांगतात. सापळ्यात मिथाईल युजेनॉल असते. त्याच्या वासाला आंब्याच्या माशीचे नर वेड्यासारखे धावतात. गिलकी-दोडक्याच्या माशीला हा वास चालत नाही, तिच्यासाठी क्यू ल्यूर हे दुसऱ्या वासाचे आमिष लागते. आणि करडईच्या माशीला या दोन्हींचे काहीच नाही. तुमचा सापळा खराब नव्हता, तो दुसऱ्याच माशीसाठी केलेला होता. तो काढून घ्या आणि मोहोर संपून फळ धरले की कुणा आंबेवाल्याला द्या.

करडईची माशी अंडे, अळी आणि कोष या तिन्ही अवस्था एकाच बोंडात काढते. मातीत तिचे काहीच नसते. अंडे बोंडात जाते आणि तिथून थेट पंख फुटलेली माशीच बाहेर येते. तुम्ही शेताची जमीन कितीही उकरलीत तरी तिला धक्का लागणार नाही. उलट हातात एक बोंड धरलेत तर तिची आख्खी पिढी तुमच्या मुठीत असते.

आता एक काम करा. पहाटेच्या दवात काटे थोडे मऊ असतात, तेव्हा हातमोजे घालून पाच-सहा कळ्या तोडा. दोन चांगल्या हिरव्या, दोन शेंडा तपकिरी झालेल्या, एक-दोन पूर्ण वाळलेल्या. घरी आणून कागदावर ठेवा, दाढीच्या पात्याने उभ्या मधोमध चिरा आणि दहा पट मोठे दाखवणारे भिंग लावून बघा. मी माझ्या विद्यार्थ्यांना पुस्तक उघडायच्या आधी हेच करायला लावते.

करडईचे ‘फूल’ म्हणजे खरे तर पुष्कळ छोट्या फुलांचा गुच्छ. खाली जाड, बशीसारखे पुष्पासन, त्यावर दाटीने उभी असलेली नळीसारखी छोटी फुले, आणि त्या सगळ्याला बाहेरून आवळून धरणारी काटेरी हिरवी सहपत्रे, थरावर थर. प्रत्येक छोट्या फुलाच्या तळाशी एक बी होणार असते. माशीची मादी ही सहपत्रे अजून घट्ट मिटलेली असताना येते. मी तिला पुष्कळदा पाहिले आहे. उन्हे जरा वर आली की ती कळीवर उतरते, पंख आळीपाळीने तिरके करत गोल गोल फिरते, मध्येच थांबून पोटाच्या टोकाची नळी सहपत्रांच्या फटीत घालून बघते आणि काढून घेते. पुन्हा फिरते. बऱ्याच कळ्या ती नुसत्या चाचपून सोडून देते. कळी फार कोवळी असेल तर आत खायला काही नसते, फार जून असेल तर पोरांची वाढ पुरी व्हायच्या आत फूल वाळते. मनासारखी कळी मिळाली की ती स्थिर होते आणि नळी खोल उतरवते.

अंडी आतल्या सहपत्रांच्या खाचेत, झुबक्याने असतात. पांढरी, चकचकीत, लांबट, किंचित बाकदार, जेमतेम मिलिमीटरभर. एका झुबक्यात सहापासून दोन डझनांपर्यंत. तुमच्या चांगल्या दिसणाऱ्या हिरव्या कळ्यांपैकी एखादीत ती सापडतील, म्हणूनच त्या चिरायला सांगितल्या. बाहेरून त्या कळीवर काही खूण नसते.

एक ते चार दिवसांत अंडी फुटतात. अळीला पाय नसतात, वेगळे दिसणारे डोकेही नसते. निमुळत्या टोकाशी तोंडाचे दोन काळे आकडे तेवढे असतात आणि तेच तिचे दात. त्यांनी ती ओरबाडते आणि रस शोषते. आधी फुलांच्या नळ्या, मग तळाची कोवळी बीजांडे, शेवटी पुष्पासन. दोनदा कात टाकून ती तीन वयांतून जाते आणि आठवडा ते दहा दिवसांत पुरी वाढते. एका बोंडात मला दोन-तीनपासून डझनभरही अळ्या सापडल्या आहेत. ओरबाडलेल्या जागी रस साचतो आणि जिवाणू-बुरशी लागून तो कुजतो. तुमच्या कळ्यांतून वासाचे पाणी येते ते हेच. शेंडा तपकिरी पडतो तो आतली फुले मेल्यामुळे.

इथे एक ओळख सांगून ठेवते, कारण घोटाळा नेहमी होतो. करडईच्या बोंडात हरभऱ्यावरची घाटेअळीही शिरते. ती बाहेरून गोल भोक पाडून येते, भोकाशी तिची विष्ठा पडलेली असते, तिला स्पष्ट डोके आणि पाय असतात, आणि बोंड बहुधा कोरडे असते. बोंडमाशीचे बोंड बाहेरून शाबूत आणि आत ओले असते. त्याला भोक पडते ते माशी उडून गेल्यावर. म्हणजे बारीक भोक असलेले वाळके बोंड दिसले तर ते घर रिकामे झाले आहे.

पुढची अवस्था मला सगळ्यात आवडते. पुरी वाढलेली अळी तिथेच, चावून भुगा झालेल्या फुलांच्या गादीत स्थिर होते. शेवटची कात ती टाकत नाही. तीच कात आखडते, कडक होते, आधी पिवळसर, मग गडद तपकिरी आणि जवळजवळ काळी, गव्हाच्या बारीक दाण्यासारखी. हा कोष. तुमच्या वाळलेल्या बोंडात हे काळे दाणे दिसतील. त्यातले दोन-तीन भुग्यासकट काचेच्या बाटलीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, बाटली खिडकीत पण उन्हाबाहेर ठेवा. आठवडा-दहा दिवसांत एके सकाळी कोषाचे टोक टोपणासारखे उघडेल. माशीच्या कपाळावर त्या वेळी एक फुगा असतो. तो ती फुगवते, आवळते, पुन्हा फुगवते, आणि त्या धक्क्यांनी आधी टोपण आणि मग वाळकी फुले बाजूला सारत वर येते. बाहेर पडते तेव्हा फिकट आणि ओलसर असते, पंख चुरगाळलेल्या कागदासारखे. काही वेळात पंख ताठ होतात, त्यांवर करडे-तपकिरी ठिपके उमटतात, अंग राखी होते, आणि तो फुगा कपाळात कायमचा मिटून जातो. मग तुम्हाला दिसते ती माशी, तांदळाच्या दाण्याहून थोडी लहान.

अंडे ते माशी एकूण तीन-साडेतीन आठवडे धरा. थंडीची लाट आली तर लांबते, फेब्रुवारीत ऊन वाढले की आखडते.

आता हे करडईच्या वाढीशी जोडून बघा. करडईत मधल्या मुख्य फांदीचे बोंड सगळ्यांत आधी येते, मग वरच्या बाजूच्या फांद्या, मग खालच्या. सगळी बोंडे एकदम येत नाहीत. बाहेरून उडत आलेल्या थोड्याशा माद्या पहिल्या बोंडांत अंडी घालतात. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुली बाहेर पडतात तेव्हा बाजूच्या फांद्यांच्या कळ्या नेमक्या त्यांना हव्या त्या वयाच्या असतात. पहिल्या फेरीत शेतात दहा-वीस बोंडे गेली असतील तर दुसरीत ती शेकड्यांनी जातात. एका हंगामात अशा तीन पिढ्या होऊ शकतात. उशिरा पेरलेले पीक हमखास मार खाते तेही याचमुळे. त्याच्या कळ्या येईपर्यंत आजूबाजूच्या पिकावर माश्यांच्या एक-दोन पिढ्या वाढून तयार असतात.

तुम्ही आता पहिल्या फेरीच्या शेवटाला आहात. म्हणून तुमचे मुख्य काम पुढच्या चार-पाच दिवसांचे आहे: तपकिरी शेंड्याचे, ओले, दबणारे प्रत्येक बोंड तोडायचे. अडीच एकरांना चार माणसे दोन सकाळी पुरतात. जाड हातमोजे आणि खुरप्याऐवजी बागेची कात्री घ्या, तोडलेले बोंड थेट तोंड आवळता येणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत टाका. आठवड्याने दुसरी फेरी करा, कारण आज आतल्या आत खाल्ली जाणारी काही बोंडे तोवर बाहेरून दिसायला लागतील.

तोडलेल्याचे काय करायचे, यात माझ्या हातून घडलेली चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सांवेर रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही मोठ्या उत्साहाने बोंडे तोडली आणि बांधावर ढीग घातला. वाटले, उन्हात वाळून जातील. दोन आठवड्यांनी मी गेले तर ढिगावर माश्यांचा नुसता थवा होता, आणि ढिगाजवळच्या ओळींत सगळ्यांत जास्त कळ्या लागल्या होत्या. वाळल्याने कोष मरत नाही. ज्या शेतकऱ्याने विश्वासाने मजूर लावले त्याचे पीक मी स्वतः खराब केले होते. त्याला मी ते तेव्हाच सांगितले, आणि पुढच्या वर्षी त्याच्याच शेतात पुन्हा उभी राहून प्रत्येक पिशवीचे तोंड माझ्या हाताने बांधले.

पिशवी घट्ट बांधून उघड्या उन्हात दहा-बारा दिवस ठेवली की आतल्या उष्णतेने आणि कुजण्याने सगळे संपते. दुसरा मार्ग शेणखताचा गरम ढीग. आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातच अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर ढीग उलटून-पालटून खत करण्याची पद्धत बसवली, जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. नीट रचलेल्या अशा ढिगाच्या पोटात हात टेकवत नाही इतकी ऊब होते, त्यात कोष टिकत नाहीत. मात्र बोंडे ढिगाच्या मध्यावर पुरायची, वर पसरायची नाहीत. वरच्या थराला ती ऊब पोचत नाही.

जमत असेल तर तिसरे करा, मला ते मनापासून आवडते. या अळ्यांवर आणि कोषांवर जगणाऱ्या इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या आहेत, दोन-तीन मिलिमीटरच्या, काही धातूसारख्या हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या. मादी बाहेरून बोंडात नळी खुपसून आतल्या अळीला शोधते आणि तिच्यावर अंडे घालते. तुमच्या बाटलीत एखाद्या कोषातून माशीऐवजी ही बाहेर पडली तर चकित होऊ नका. तोडलेल्यातली टोपलीभर बोंडे एका जुन्या पिंपात ठेवून तोंडावर इतकी बारीक जाळी ताणायची की बोंडमाशी अडकेल आणि ही चिमुकली मात्र निघून जाईल. जाळी निवडताना आधी बाटलीवर तिचा तुकडा लावून बघा, म्हणजे पिंपाच्या वेळी चूक होणार नाही.

फवारणीबद्दल. अळी बोंडाच्या आत, थरांच्या मागे असते. वरून मारलेले बहुतेक औषध तिच्यापर्यंत जात नाही. ते लागते फक्त उडत्या माशीला, आणि त्याच वेळी मधमाशीला. करडईत स्वपरागण होते हे खरे, पण फुलावर आग्या मोहोळाच्या आणि फुलोरी माश्या दिवसभर असतात आणि त्यांच्या येण्याने दाणे चांगले भरतात. शिवाय तुम्ही पाकळ्या काढ्यासाठी किंवा रंगासाठी वेचणार असाल तर त्या पिकावर कीटकनाशक नकोच. कळ्या मिटलेल्या असताना, संध्याकाळी, पाच टक्के निंबोळी अर्क मारा. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीच्या गराची पूड, रात्रभर भिजवून फडक्याने गाळून. त्याने मादी कळीवर बसायला कचरते. फूल उमलले की तेही थांबवा. आणि शेंड्यांवर काळा मावा दिसत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. करडईचे खरे मोठे नुकसान बहुतेक वर्षी तोच करतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

पुढच्या वर्षासाठी पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका, जमिनीत ओल असतानाच. शेजाऱ्यांची करडई असेल तर सगळ्यांनी एका आठवड्यात पेरा. पूर्वी माळव्यात गव्हाभोवती करडईच्या दोन-चार ओळी कुंपणासारख्या घालत, काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत. आता अशा विखुरलेल्या ओळी वेगवेगळ्या दिवशी पेरल्या जातात आणि माशीला जानेवारीपासून मार्चपर्यंत कुठे ना कुठे हिरवी कळी मिळत राहते. बांधावरची उंटकटाऱ्यासारखी दिसणारी काटेरी झुडपेही फुलण्याआधी काढा. सूर्यफुलाच्या कुळातल्या रानवनस्पतींवरही ही माशी वाढते. तिच्या नावात हेलिअँथी, म्हणजे सूर्यफुलाची, असे आहे. १७९४ मध्ये इटलीत पिएत्रो रोसी यांनी तिचे वर्णन केले तेव्हापासूनचे ते नाव, पण आपल्याकडे तिचे घर करडईच.

फुलाच्या गुच्छात जन्मून तिथेच वाढण्याच्या या सवयीचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. उत्तर अमेरिकेत युरोपातून गेलेले नॅपवीड नावाचे तण कुरणे गिळू लागले, तेव्हा १९७० च्या दशकात याच कुळातल्या युरोफोरा वंशाच्या माश्या तिथे मुद्दाम सोडल्या. त्या तणाच्या बोंडात गाठी करतात आणि बी कमी धरते. तुमच्या शेतात जिने नुकसान केले तिचीच ही चुलत भावंडे.

आता तेलाचे. निरोगी बोंडांतले बी खुशाल वापरा, माशीमुळे तेलात काही विषारी येत नाही. फक्त सडलेली बोंडे मळणीत मिसळू देऊ नका. त्यांतले दाणे ओले, बुरशी लागलेले असतात, तेलाला वास येतो आणि ते लवकर खवट होते. एवढ्यासाठी कापणीच्या आधी एक शेवटची फेरी मारून वाळकी, भोकाची, काळी पडलेली बोंडे वेगळी काढा. मळणीनंतर वाऱ्यावर उफणा, पोखरलेले पोकळ दाणे हलके असतात, ते भुशाबरोबर पुढे उडतात. राहिलेले बी दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा. दाणा दाताखाली टचकन फुटला आणि आत पांढरी, कोरडी गिरी दिसली की घाण्यावर न्या.